वळण्यापुरती जागा

त्या सकाळी मासा वळला नाही. काचेच्या पेटीच्या डाव्या टोकापर्यंत तो नेहमीसारखा आला, तोंड काचेला टेकवलं, आणि वळण्याऐवजी तसाच, शेपटीकडून, मागे मागे गेला. अरुंद बोळात चुकून शिरलेली मोटार निमूट मागे घ्यावी तसा. ती चहाचा कप हातात धरून उभी होती. कप कुठंतरी ठेवायला हवा होता, पण कुठं ते सुचेना. मासा पुन्हा पुढे आला, पुन्हा मागे गेला. मग तिनं गळ्यातली मापाची फीत काढून काचेला लावली. तेरा इंच. पेटीची रुंदी दहा. म्हणजे हे काही आज झालेलं नव्हतं, तीन इंच एका रात्रीत वाढत नाहीत. इतके दिवस तो अंग चोरून, शेपूट दुमडून, कसाबसा वळत असणार आणि ती समोरून केस विंचरत गेली असणार.

याची तिला जास्त लाज वाटली, कारण दिवसभर ती दुसरं काय करत होती? ड्रायक्लिनिंगच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, वाफेच्या इस्त्रीपलीकडच्या टेबलावर, गेली सव्वीस वर्षं ती लोकांचे कपडे सैल करत होती. गिऱ्हाईक यायचं, कोट पुढे करायचं आणि म्हणायचं, "आटलाय हो." मी वाढलो, असं सव्वीस वर्षांत एकही माणूस म्हणालं नव्हतं. तीही म्हणायची, "हो, धुण्यात आटतो," आणि शिवण उसवायची. माणूस दारातून आत येईपर्यंत तो काखेत आवळलाय की पाठीत, हे तिला दिसायचं. आणि घरात, रोज डोळ्यांसमोर, बारा वर्षं.

मासा आईचा. म्हणजे आणला तिनंच, अंगठ्याएवढा, पाण्याच्या पिशवीत, आईला विरंगुळा म्हणून. पण दुसऱ्या दिवसापासून तो आईचा झाला. काळपट अंगावर नारिंगी डाग, खालचा ओठ जरा पुढे, चेहऱ्यावर कायम रुसवा. आईनं त्याला निरखून पाहिलं आणि जाहीर केलं, "हा जावई." घरात खरा जावई यायचा राहून गेला होता, त्यावर आई कधी बोलली नव्हती, ती हे असं बोलली. त्यानंतर "जावई जेवले का", "जावयांचा दिवा बंद कर, झोपू दे त्यांना" हे घरातलं रोजचं बोलणं झालं. तिलाही हसू यायचं. एवढा मुकाट जावई कुणाला मिळतो?

पुढे आईच्या मेंदूत कुठंतरी रक्त अडलं आणि शब्द जागचे हलले. चमचा हवा असला की आई खिडकी मागायची. खिडकी दिली नाही की चिडायची, आणि चिडल्यावर तर एकही शब्द आपल्या घरी सापडायचा नाही. फक्त संध्याकाळी, माशापुढच्या खुर्चीत बसली की तिचं बोलणं झऱ्यासारखं सुरू व्हायचं. बोटात जुनं पितळी अंगुस्तान असायचं, शिवण सुटली तरी ते सुटलं नव्हतं. त्यानं काचेवर दोनदा टकटक करायची. मासा कुठंही असला तरी आवाजाकडे यायचा. मग आई त्याला काहीबाही सांगत राहायची, तासभर. आतल्या खोलीत कपडे घडी करताना तिला ती टकटक ऐकू यायची आणि नंतरचं बोलणं नुसतं सूर म्हणून. शब्द बरोबर होते की तिथंही चमच्याला खिडकीच होती, हे तिनं कधी दाराशी जाऊन ऐकलं नाही. कुणाचं तरी बोलणं नीट चाललंय, एवढ्यानं तिला बरं वाटायचं.

आणि दादा. दादा नळांची कामं करायचा, गावभर लोकांची न्हाणीघरं बांधून द्यायचा. आई आजारी पडल्यावर तो यायचा, नाही असं नाही. पिशवी घेऊन यायचा, दारातूनच विचारायचा, "नळ गळतोय का?", आणि न गळणारा नळ खोलून बसायचा. अर्ध्या तासात नळ पुन्हा बसवून, आईच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं करून जायचा. एकदा आईनं त्याच्याकडे नीट वळून पाहिलं, आणि त्या दिवसांत विरळ झालेलं अख्खं, सरळ वाक्य बोलली. "तुम्ही नळवाले ना? नळ ठीक आहे. तुम्ही गेलात तरी चालेल." तिला हसू फुटलं होतं. दादाही हसला होता. त्यानंतरचे तीन महिने तो आलाच नाही. आई गेली त्या दुपारी आला तेव्हा सगळं आवरलेलं होतं.

याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत तिनं एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. धुऊन, इस्त्री करून, हँगरला लावून. फोनवर ती त्याच्याशी हवापाण्याचं बोलायची आणि ते वाक्य मागे लटकलेलं असायचं, कुणी न्यायला न आलेल्या कपड्यासारखं.

त्या सकाळी मात्र तिनं फोन केला आणि म्हणाली, "दादा, जावयाला घर लहान पडतंय."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "किती मोठं हवं?"

"वळता येईल एवढं."

सबंध काचेची तेवढी पेटी जिन्याच्या वळणातून वर येणारच नव्हती. दादा म्हणाला, प्लायवूडची करू. फळ्या एकेक वर नेता येतात, समोर तेवढी काच. पुढच्या रविवारी तो फळ्या घेऊन आला. केस पांढरे झाले होते. बोलताना त्याच्या बोटांत ते काळं रबरी वायसर फिरत होतं, नळात घालतात ते, लहानपणी गोटी फिरायची तसं. "चार फूट लांब, दोन रुंद," तो म्हणाला. "तुझा जावई लोळेल." दुपारभर त्यानं स्क्रू पिळले, सांध्यांत सरस भरला, आणि संध्याकाळी खोलीच्या मधोमध एक पेटारा उभा राहिला, आत लाकडाचा कोरडा गोड वास. मासा आपल्या काचेतून एका डोळ्यानं तो पाहत होता. आणखी चार रविवार असेच गेले. दोन डब्यांतला तो चिकट रस, इपॉक्सी म्हणतात तो, एकमेकांत कालवला की वाटी हातात गरम व्हायची. पेटाऱ्याच्या आतून तो फासायचा, सुकला की पॉलिशपेपरनं घासायचा, पुन्हा फासायचा. "लाकडाला कळता कामा नये की आत पाणी आहे," दादा म्हणाला. "कळलं की फुगलं." हे वाक्य तिच्याबरोबर आठवडाभर दुकानात राहिलं. वाफेत उभी राहून ती अशा कितीतरी गोष्टी आठवत होती ज्या आत होत्या आणि लाकडाला कळल्या नव्हत्या.

कोपऱ्यांत काचेच्या धाग्याचं कापड बसवायचं होतं, सांध्याला बळकटी म्हणून. दादानं सरळ पट्ट्या कापल्या. त्या कोपऱ्यात चुणल्या, उचलल्या, रसात तरंगायला लागल्या. तो पुटपुटत पुन्हा दाबत होता. तिनं त्याच्या हातातून कात्री घेतली. "उरेब काप ना. तिरकं. सरळ कापड कोपऱ्यात कधी बसलंय?" तिरक्या पट्ट्या कोपऱ्यात अशा निजल्या की बोट फिरवलं तरी कडा लागेना. दादा पाहत राहिला. "आई असंच म्हणायची," तो म्हणाला, आणि मग एकदम घाईनं वाटी धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

काच बसवण्याआधी, एका दुपारी, एकटी असताना ती पेटाऱ्यात उतरून बसली. कुठं छिद्र राहिलंय का ते पाहायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. गुडघे पोटाशी घेतले की पाठ बरोबर टेकत होती. आतून सगळं निळसर राखी, चकचकीत, आणि खिडकीतलं ऊन त्यावर असं हलत होतं की पाणी भरल्याचाच भास व्हावा. बाहेरचे आवाज लांब गेले. तिला वाटलं, आपला श्वास बुडबुड्यांनी वर जातोय. समोर आईची खुर्ची. इथून ती केवढी मोठी दिसत होती. दोन वर्षांत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, घडी घातलेले कपडेसुद्धा तिनं ठेवले नव्हते. माशाला संध्याकाळी हे दिसायचं तर. एक मोठा, वाकलेला, हलणारा चेहरा. शब्द नाहीत, कंप. तिनं डोळे मिटले. आई तिला काहीतरी सांगत होती, अगदी सविस्तर, मध्ये मध्ये हसत, आणि एकही शब्द चुकत नव्हता. फक्त मधे पाणी होतं. डोळे उघडले तेव्हा ऊन सरकून भिंतीवर गेलं होतं आणि पायाला मुंग्या आल्या होत्या. तिला बाहेर पडताना कठड्याला धरून उठावं लागलं. पंचावन्नाव्या वर्षी बाई पेटाऱ्यातून निघते आहे हे कुणी पाहिलं नाही, माशाशिवाय. आणि तो चुगली करणाऱ्यांतला नव्हता.

पुढच्या रविवारी काच बसली. दादानं पिशवीतून सिलिकॉनची नळी काढली, बंदुकीत चढवली, आणि काचेच्या चारी बाजूंनी, मग आतल्या प्रत्येक कोपऱ्यातून पांढरी सलग रेघ ओढली. इतकी सलग, की तिला हेवा वाटला. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून तिनं ती रेघ गुळगुळीत केली. "उत्तम माल आहे," दादा म्हणाला. "मी सगळीकडे हाच वापरतो. दहा वर्षं बुरशी धरणार नाही." आठ दिवस सुकू द्यायचं आणि मग पाणी. जाताना तो दारात थांबला, वायसर एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "चिमे," तो म्हणाला, पंचावन्न वर्षांच्या बाईला, "छान झालंय ना?" त्याचा चेहरा असा कधी दिसला होता ते तिला आठवेना. बहुतेक तो दहा वर्षांचा आणि ती सहाची असताना.

गुरुवारी ती माशाचं खाद्य आणायला गेली. खाद्यवाला तिला बारा वर्षं ओळखत होता, जावयालाही. तिनं मोठ्या तोऱ्यात नव्या घराचं वर्णन केलं. तो मान डोलवत दाणे मोजत होता. "सिलिकॉन कोणतं?"

"भावाचंच. न्हाणीघरात लावतात ते. बुरशी धरत नाही."

त्यानं माप खाली ठेवलं. "बाई, बुरशी का नाही धरत?"

"का?"

"त्यात औषध असतं म्हणून. बुरशी मरते त्यानं." त्यानं दाण्यांची पुडी वळली. "ते पाण्यात उतरतं. मग मासा काय करेल?"



"थोडं राहिलं तर चालेल, असंही नाही," तो म्हणाला. "सगळं काढावं लागेल. वरून दुसरं लावाल तर बसायचं नाही. सिलिकॉनवर सिलिकॉनसुद्धा चिकटत नाही."

घरी येताना ती दोन चौक जास्तीचे चालली. दादाला काही चूक करायचीच असती तर त्यानं हीच केली असती. लोकांच्या घरातली ओल घालवणं हे त्याचं आयुष्य, पाण्यात कुणी राहतं हे त्याच्या कामात बसतच नव्हतं. हे तिला कळत होतं. पण त्याच्या शेजारीच आणखी एक गोष्ट कळत होती आणि तिला ती आवडली नाही: तिला आतून थोडा आनंद झाला होता. हँगरवरचं वाक्य हललं होतं. आता बोलता येईल. आता तो चुकलेला आहे, पुराव्यासकट. घरी पोचल्यावर तिनं दिवा लावला. मासा पुढे आला, काचेला तोंड लावलं, मागे गेला. त्याच्या पाठीवरचा पर एका बाजूनं झिजलेला तिला दिसला, भिंतीला घासून घासून.

रविवारी दादा नवाकोरा पाइप घेऊन आला, पाणी भरायला. तिनं सांगितलं. पाइप हातात धरून त्यानं सगळं ऐकलं. मग तो पेटाऱ्याच्या कडेवर बसला.

"मारलं असतं मी त्याला," तो म्हणाला.

"भरलं नाही ना पाणी. काही झालेलं नाही."

"काच काढावी लागणार. फुटेल."

"दोऱ्यानं कापू," ती म्हणाली. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या नव्हे, तर दुकानात एका जाड कोटाचं बटण तोडताना तिला हे सुचलं होतं. कोटाची बटणं लावायचा नायलॉनचा दोरा तिनं आणला होता, कशालाच न तुटणारा. सुईत ओवून तो काच आणि लाकूड यांच्यामधल्या सिलिकॉनमधून आरपार काढला. दादा पेटाऱ्याच्या आत बसला, गुडघे पोटाशी घेऊन, ती होती तसाच. ती बाहेर. दोऱ्याची दोन टोकं दोघांच्या बोटांना गुंडाळलेली. त्यानं ओढलं की तिचा हात काचेकडे जायचा, तिनं ओढलं की त्याचा. सर्र, सर्र. एक इंच, दोन इंच. बोलायची गरज नव्हती, आणि हात आपोआप लयीत आले, झोपाळ्यावर दोघांनी समोरासमोर उभं राहून झोके घ्यावेत तसे. काचेपलीकडे त्याचा चेहरा धूसर, मोठा. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता की काय. तिच्या मनात आलं, आता याच्यापुढे खुर्ची ओढून बसलं तर आपणही सगळं नीट सांगू शकू. आणि तेवढ्यात तिनं ते बोलून टाकलंही. हँगरवरचं, इस्त्रीचं वाक्य नव्हतंच ते. ऐन वेळी निघालं ते अगदी साधं निघालं.

"शेवटचे तीन महिने तू आईला पाहिलं नाहीस."

दोरा थांबला. ताणलेलाच राहिला. त्याच्या बाजूनं तो थरथरतोय हे तिला बोटात कळत होतं.

"नाही," तो काचेआडून म्हणाला. "पाहिलं नाही."

ती वाट पाहत राहिली. पुढे काहीतरी येईल, कारण, सबब, निदान नळ. काही आलं नाही. दोन वर्षं सांभाळलेलं वाक्य जमिनीवर पडलं होतं आणि त्याचा आवाजही झाला नव्हता. मासा आपल्या जागी पुढे आला, मागे गेला.

"ओढ," दादा म्हणाला.

तिनं ओढलं.

काच सुटली, फुटली नाही. मग ते दोघं पात्यांनी कोपरे खरवडत बसले, त्या रविवारी आणि पुढच्याही. पांढऱ्या रबरी साली निघायच्या, जिथं तिनं बोट फिरवलं होतं तिथली बोटाची खूणही सालीबरोबर सोलून यायची. काही दिसत नसलं तरी नखाला लागायचं, नखाला लागेनासं झालं की स्पिरिटच्या फडक्याला. नवं सिलिकॉन खाद्यवाल्याकडून आणलं, औषधाविना. त्याचा आंबट वास आठवडाभर घरात राहिला, तिच्या केसांत, दुकानातल्या कोटांत. मग पाणी. पेटाऱ्याखाली वर्तमानपत्रं पसरली होती. रोज अंघोळ झाल्याबरोबर ती गुडघ्यावर बसून कागदावरून तळहात फिरवायची. पहिल्या दिवशी कोरडा. दुसऱ्या दिवशी कोरडा. तिसऱ्या दिवशी एका बातमीवर ओला डाग होता, पण तो तिच्याच केसांतून गळलेला थेंब निघाला. पाच दिवसांनी तिनं फोन केला. "लाकडाला अजून कळलेलं नाही," ती म्हणाली.

रविवारी दुपारी माशाला हलवलं. मलमलची झोळी तिनं शिवली होती, दोन्ही बाजूंना मुठी. निम्मं जुनं पाणी नव्या पाण्यात मिसळलं, मग दोघांनी झोळी धरली. तो एकदाच तडफडला, एवढ्या ताकदीनं की तिला कौतुक वाटलं. झोळी पाण्यात उतरवली, काढून घेतली. मासा तळाशी थांबला. कल्ले उघडत होते, मिटत होते. मग हळूच पुढे निघाला. एक फूट गेला, दोन फूट गेला, आणि थांबला. पुढे निळसर मोकळं पाणी होतं, आणखी दोन फूट. तो थांबला, तिथं नसलेल्या काचेला तोंड टेकवल्यासारखं केलं, आणि शेपटीकडून मागे मागे आला.

मासा पुन्हा गेला, दोन फुटांवर थांबला, मागे आला. एवढा सगळा खटाटोप, आणि आता त्याच्या डोक्यात बसलेली पेटी कुठल्या दोऱ्यानं कापायची?

"शिकेल," ती म्हणाली. "वेळ लागेल." आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटला.

दादा उठला. नळाकडे निघाला असं तिला वाटलं, पण तो शिवणाच्या टेबलापाशी गेला आणि तिचा बटणांचा डबा उघडला. हा डबा आईचा. आई गेल्यावर अंगुस्तान तिनं त्यातच टाकलं होतं. दादाची बोटं बटणांत फिरली आणि मधेच थांबली. तिला ठाऊक होतं तिथं काय आहे. काळी रबरी वायसरं, सात-आठ. आईच्या शेवटच्या दिवसांत जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत सापडायची, आज एक, चार दिवसांनी आणखी एक. वरच्या टाकीचं काम करणारा कुणी टाकून जात असेल असं तिला वाटायचं. गोल वस्तू टाकवत नाही म्हणून ती डब्यात ठेवत गेली होती.

दादानं अंगुस्तान घेतलं. त्याच्या करंगळीतच ते बसलं. पेटाऱ्याच्या दूरच्या टोकाशी जाऊन तो ओणवा झाला आणि काचेवर त्यानं टकटक केली. दोनदा, दुसरी जरा उशिरा, बरोबर आई करायची तशी.

तिला तो आवाज पाठीत जाणवला. "हे तुला कसं माहीत?"

तो पाण्याकडेच पाहत होता. "जिन्यात ऐकू यायचं."

त्यानं पुन्हा टकटक केली. मासा दोन फुटांवर थांबलेला होता. त्याचे पर हलले. तो त्या ठिकाणाहून, जिथं काच नव्हती तिथून, पलीकडे आला. सावकाश, आवाजाच्या रोखानं, थेट दादाच्या बोटापर्यंत. तिथं जरा घुटमळला. आणि मग वळला. घाई न करता, सगळं अंग घेऊन, एका मोठ्या मोकळ्या फेऱ्यात वळला, आणि शेपटीनं दादाच्या तोंडावर थोडं पाणीही उडालं.

दादानं बाहीनं चेहरा पुसला. बराच वेळ पुसत राहिला. मग इकडेतिकडे पाहत, जायला निघालेल्या माणसासारखा म्हणाला, "आलोच आहे तर नळ बघतो एकदा."

तिनं आईची खुर्ची ओढून पेटाऱ्यासमोर आणली.

"नळ ठीक आहे," ती म्हणाली. "बस."